समुद्राच्या काठचा डाव

बारामतीच्या माणसाला गोल्फ कळतो, असे म्हणण्याइतका मी धाडसी नाही. आमच्याकडे काठीने मारायची ती विटी, आणि खळीत घालायची ती गोटी. या दोन्ही शास्त्रांत मी लहानपणी पारंगत होतो. तेवढ्याच अधिकारावर पुढचे परीक्षण लिहितो आहे.

सुट्टीत कॅलिफोर्नियाला चिरंजीवांकडे गेलो होतो. ते म्हणाले, "बाबा, पेबल बीचवर एक डाव खेळू या." डावाचे सहाशे डॉलरच्या वर! मी मनातल्या मनात त्याचा ऊस केला. पंधरा-वीस टन भरला. तोंड उघडणार तोच ही म्हणाली, "पोरगा देतोय ना? गप खेळा."

प्रथम नावाविषयी. नावात 'लिंक्स' आहे. लिंक्स म्हणजे स्कॉटलंडात शेती आणि समुद्र यांच्या मधली वाळूची पट्टी. नांगराच्या उपयोगाची नाही म्हणून खेळायला सोडलेली. हे मैदान तर कड्यावर. 1919 साली सुरू झालेले हे मैदान जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट या दोन हौशी खेळाडूंनी आखले. जिरायत रानाला कौतुकाने 'मळा' म्हणावे, तसे ते नाव समजावे.

आता प्रयोगाविषयी. सातवे भोक अवघ्या 106 यार्डांवर, उताराला. विटीचा एक बरा टोला! पण मागे लाटा फुटताहेत, वारा कानात शिरतोय. चेंडूकडे बघतो कोण? पडदा वर जाताच नेपथ्याला टाळ्या पडल्या की नट मनातून खचतो ना, तसे माझे झाले. माझा मुख्य आक्षेप हाच. देखावा इतकाही चांगला असू नये.

आठव्या भोकाला दुसरा टोला दरीवरून पलीकडे मारायचा असतो. मी मारला. चेंडू प्रशांत महासागरात गेला. साधा 'डुबुक' आवाजही नाही आला.

का कोण जाणे, मला आमचे इंदापूरकडचे रान आठवले. 1980 साली उजनीचे धरण पुरे झाले, त्या पाण्यात ते गेले. बांधाशेजारच्या ज्या मोकळ्या जागेत मी विटी-दांडू शिकलो, तीही गेली. वडील पुढे कधी काठावर आले नाहीत. म्हणायचे, "पाण्यात काय बघायचंय?"

"बाबा, दुसरा चेंडू घ्या," चिरंजीव म्हणाले. मग माझी समजूत काढायला त्यांनी सांगितले, की इथले गवत 1994 पासून सांडपाणी शुद्ध करून जगवतात. कालव्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ भांडताना पाहिलेला मी माणूस. तिथल्या तिथे हात जोडले. देखाव्यापेक्षा मला हे जास्त आवडले, असे माझे प्रामाणिक मत नोंदवतो.

पेबल बीचला दहापैकी नऊ गुण. एक कापला, कारण तिथे गेलेले परत येत नाही. उजनीचे तसे नाही. पाणी फार खाली गेले की पळसदेवला पळसनाथाचे बुडालेले देऊळ वर येते, चिखलात बांधही दिसतात. येत्या मे महिन्यात नातवाला घेऊन जाणार आहे. विटी मी आत्ताच तासून ठेवली आहे.