दोन मशीन, एकच आयपी: आरएफसी २१३१ कुठे कमी पडतो?

सर्व्हरवर आयपी पत्त्यांचा घोळ झाला की आपण आधी सर्च करतो. एकदा मूळ दस्तऐवजच वाचून बघा: राल्फ ड्रॉम्स यांचा आरएफसी २१३१, मार्च १९९७. डीएचसीपीचं काम त्यात स्वच्छ मांडलंय. लीजची निम्मी मुदत सरली की क्लायंट आपल्या सर्व्हरकडे मुदतवाढ मागतो. उत्तर आलं नाही तर ८७.५ टक्क्यांना कुठल्याही सर्व्हरला विचारतो.

पण एका जागी हा दस्तऐवज भाबडा वाटतो. क्लायंटने 'क्लायंट आयडेंटिफायर' पाठवला असेल तर सर्व्हर त्यावरूनच त्याला ओळखतो, मॅक पत्त्यावरून नाही. हा आयडी सबनेटमध्ये एकमेव असलाच पाहिजे, असं तो बजावतो. आणि नसला तर?

मी लॅबमध्ये उबुंटूच्या एका व्हर्च्युअल मशीनच्या दोन प्रती काढल्या. मॅक वेगळे, तरी आयपी एकच! आयडी मशीन-आयडी फाइलवरून बनत होता आणि ती फाइल जशीच्या तशी कॉपी झाली होती. एसएसएचची होस्ट की सुद्धा तीच, त्यामुळे इशाराही नाही. भलत्याच मशीनचे आकडे मी प्रयोगाचे म्हणून नोंदवले. ते सगळे फेकावे लागले.

सर्व्हरच्या लॉगमध्ये एकाच आयपीसमोर मॅक आलटूनपालटून दिसले, तेव्हा उलगडा झाला. प्रतीतली ती फाइल रिकामी करून रीबूट केलं, प्रश्न मिटला.

म्हणून दस्तऐवज वाचाच. फक्त 'असलंच पाहिजे' दिसलं की तिथे पेन्सिलने खूण करा. तुमचा प्रयोग बहुधा तिथेच फसणार आहे.