‘इच्छामरण’ : एका शब्दाची चिकित्सा

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर पाशवी हल्ला झाला. त्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ त्या तेथेच अंथरुणाला खिळून होत्या. पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा मराठी बातम्यांतून ‘इच्छामरण’ हा शब्द घरोघरी पोचला. पेण-रोह्याच्या वाचकालाही तो भीष्माचार्यांमुळे परिचित, किंबहुना पूज्य. परंतु जिला आपली इच्छा सांगताच येत नाही, तिचे मरण इच्छामरण कसे? ‘दयामरण’ म्हणावे, तर दया हा निवाडा शब्दाने आधीच देऊन टाकलेला!

याचिकेतील मागणी होती अन्न थांबवण्याची. अरुणाताई श्वसनयंत्रावर नव्हत्या. परिचारिका त्यांना कुस्करलेले अन्न भरवीत. निष्फळ व क्लेशदायक उपचार नाकारण्यास परमपीठाच्या १९८० च्या घोषणापत्रानेही मुभा दिली आहे. हेतुपुरस्सर जीव घेण्यास नाही. उपचार थांबवणे आणि घास थांबवणे यांतला हा भेद एका शब्दाखाली पार झाकला गेला. भरवणाऱ्या परिचारिका ‘इच्छामरणाच्या विरोधक’ ठरल्या, की जणू कुणाच्या इच्छेआड त्याच उभ्या होत्या.

७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नसून रुग्णालयातील सेवकवर्गाचा आहे, असे म्हटले. त्याच निकालाने उपचार काढून घेण्यास मात्र काही अटींवर वाट मोकळी केली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाताईंचा अंत झाला, त्याच रुग्णालयात.