स्थान आणि भूमिका

आभा सूर यांच्या 'डिस्पर्स्ड रेडियन्स' (२०११) या ग्रंथात आधुनिक भारतीय विज्ञानाचा विचार जात आणि लिंगभेद यांच्या संदर्भात केलेला आहे. त्यातील मेघनाद साहांविषयीचे विवेचन मोलाचे आहेच. तथापि समीक्षकाला खरा पेच पडतो तो चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या बंगलोरच्या प्रयोगशाळेतील स्त्रियांविषयीच्या भागात.

त्यांपैकी अण्णा मणी (१९१८-२००१) यांनी १९३९ साली मद्रास येथे ऑनर्स पदवी संपादन केली. रामन यांच्या हाताखाली त्यांनी ३० हून अधिक हिऱ्यांचे वर्णपट घेतले. एकेका वर्णपटासाठी फोटोची काच १५ ते २० तास प्रकाशात ठेवावी लागे आणि कित्येक रात्री त्या प्रयोगशाळेतच निजत. १९४२ ते १९४५ या अवधीत केवळ त्यांच्या एकटीच्या नावावर ५ निबंध प्रसिद्ध झाले. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठास सादर केला. बंगलोरच्या संस्थेतील संशोधनास पदवी त्या काळी हे विद्यापीठ देत असे. एम. एस्सी. नाही, या कारणास्तव विद्यापीठाने डॉक्टरेट नाकारली. खुद्द रामन याच विद्यापीठाचे १९०७ सालचे एम. ए.; प्रबंध लिहून डॉक्टरेट त्यांनीही कधी मिळवली नव्हती, आणि त्यावाचून त्यांचे काही अडले नाही!

या नकाराचा अर्थ कसा लावावा? केवळ वसाहतोत्तर दृष्टीने पाहिल्यास १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेल्या संस्थेची नियमनिष्ठा तेवढी दिसेल, आणि १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवणारे रामन हे परकीय वर्चस्वास मिळालेले उत्तर ठरतील. परंतु याच रामन यांनी १९३३ साली मुंबईच्या कमला भागवत यांना, म्हणजेच पुढील काळातील कमला सोहोनी यांना, केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या तेव्हा एक वर्षाच्या अटीवर तो मिळाला.

सोहोनींनी हा अन्याय उतारवयात उघडपणे बोलून दाखवला. मणींनी मात्र आपल्या आयुष्याचा अर्थ स्त्रीत्वाच्या अंगाने लावण्यास साफ नकार दिला. सूर हे दडवून ठेवत नाहीत, ही त्यांची सचोटी होय. पण मग सिद्धान्ताचे काय?

सँड्रा हार्डिंग यांच्या 'स्टँडपॉइंट' या संज्ञेसाठी मराठीत 'दृष्टिकोन' हा शब्द सहज सुचतो. अनुवादक म्हणून मला तो अपुरा वाटतो. दृष्टिकोन प्रत्येकास असतोच; भूमिका घ्यावी लागते. विषमतेत वाट्याला आलेल्या स्थानामुळे ती आपोआप लाभत नाही, संघर्षातून सिद्ध करावी लागते, असेच हार्डिंग यांचे प्रतिपादन आहे. ('भूमिका' नटही करतो, ही अडचण सोसलेली बरी.) हा भेद मानला तर उत्तर सोपे होते : मणींना स्थान होते, भूमिका त्यांनी घेतली नाही.

हे उत्तर मला नको तितके सोयीचे वाटते. १९४८ पासून पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणांच्या अचूकतेसाठी झिजलेल्या विदुषीने 'स्त्री' हे विशेषण परत करावे, हीदेखील एक भूमिकाच आहे. जिच्या वतीने आपण बोलतो तिचाच शब्द अज्ञानात जमा करणारी स्त्रीवादी समीक्षा त्या विद्यापीठाच्याच शेजारी जाऊन बसते. तिच्या कामापेक्षा आपली चौकट तिलाही मोठी वाटते.

पदवी न मिळालेला तो प्रबंध बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात इतर बांधीव प्रबंधांच्या रांगेत ठेवलेला असल्याचे सूर नमूद करतात.