‘माय नेम इज खान’मधली गाळलेली वर्षे

करण जोहर यांच्या ‘माय नेम इज खान’वर (२०१०) आपल्याकडे जे बोलले गेले ते बहुतेक नावाविषयी, ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या मुसलमानाविषयी. ते स्वाभाविकच होते. पण रिझवान जितका खान आहे तितकाच स्वमग्न आहे, आणि त्या अंगाने चित्रपट पाहायचा राहूनच गेला.

बोरिवलीचे घर मला फार खरे वाटते. जगात चांगली आणि वाईट अशी दोनच प्रकारची माणसे असतात, हे अम्मी (झरीना वहाब) मुलाला चित्र काढून समजावते. त्यातला उपदेश पुढे गाजला. मला मात्र शिकवण्याची रीत मोलाची वाटते. शब्द कमी, रेघा जास्त. हे तिला कोणत्याही बी.एड.ने शिकवलेले नाही. आणि बाजूला धाकटा झाकीर, आईचे सारे लक्ष मोठ्याकडे म्हणून आतल्या आत धुमसणारा. अशी भावंडे आपल्याही वर्गात बसतात. त्यांना कुणी काही विचारत नाही.

इथेच चित्रपट हात आखडता घेतो. कोवळा रिझवान (तनय छेडा) पडद्यावरून जातो आणि थेट शाहरूख खान येतो. मधली वर्षे कुठे गेली? शाळेचे वय संपल्यावर हा मुलगा दिवसभर काय करत होता? अम्मीचे डोळे मिटतात आणि रिझवान सॅनफ्रान्सिस्कोला झाकीरकडे पोहोचतो. आईनंतर भाऊ, हीच आपल्या बहुतेक घरांतली योजना असते, आणि तीही न बोललेली. चित्रपटात मानसशास्त्र शिकवणारी हसीनाभाभी भेटते, ती दुखण्याला ‘ॲस्पर्जर’ असे नाव देते (आज ते स्वमग्नतेच्या व्यापक निदानातच धरतात), जगाची भीती कमी व्हावी म्हणून हातात कॅमेरा देते. झाकीर माल विकण्याचे काम देतो. सारे घरातल्या घरात उरकते.

प्रत्यक्षात हसीनाभाभी सगळ्यांच्या नशिबी नसते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, पण मोफत शिक्षणाचा हक्क १८ वर्षांपर्यंतच. १८ पूर्ण झाली की आईबापसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. आपल्या मोहल्ल्यांत हे किती अम्मींना ठाऊक आहे?

उत्तरार्धातली एक गोष्ट मात्र दाद देण्याजोगी. ‘जवळपास काहीही दुरुस्त करतो’ अशी पाटी घेऊन रिझवान वाटखर्च कमावतो. प्रेमकथेपेक्षा आणि भाषणांपेक्षा त्याचे प्रौढपण मला त्या पाटीत दिसते. पण पटकथेला राष्ट्राध्यक्षांना गाठायची घाई. ती तिथे थांबत नाही. जालन्याच्या एखाद्या गॅरेजात असा मुलगा कामाला बसवला तर उस्तादने त्याला काम तोंडी सांगावे की रेघा काढून, हे अम्मीने केव्हाच दाखवून ठेवले होते.