भुलाबाईचा महिना, मंचावरची पाच मिनिटे

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतचा महिना बुलडाणा जिल्ह्यात भुलाबाईचा, म्हणजे मुलींनी फेर धरून गाणी म्हणायच्या सणाचा. अलीकडे ती ओसरीवर कमी आणि मोबाईलवर जास्त दिसते. चित्रफिती फिरतात, 'आमच्या वेळी' म्हणत उसासे पडतात, महिला मंडळे आणि शाळा स्पर्धा भरवतात. गाणी हरवली ही ओरड मात्र तितकीशी खरी नाही. लोकसाहित्याच्या संग्राहक सरोजिनी बाबर यांच्या पिढीने मराठी लोकगीतांचे भारेच्या भारे छापून ठेवले आहेत. आटली आहे ती गाणे अंगी मुरवणारी रीत.

रोज संध्याकाळी मुली भुलाबाई-भुलोजीपुढे जमत आणि एका घरचे आटोपले की दुसऱ्या घरी जात. टिपऱ्यांच्या ठेक्यावर थोरलीने ओळ सांगायची, धाकट्यांनी उचलायची. शेवटी डबा हलवून आवाजावरून खिरापत ओळखायची. कारल्याच्या वेलाचे गाणे घ्या. सून माहेरी जायचे विचारते. सासू म्हणते, आधी बी पेर. मग वेल चढू दे, फूल येऊ दे, कारली लागू दे, भाजी होऊ दे. अट दर कडव्याला एक पायरी पुढे सरकते, चाल तीच राहते. चेष्टा आणि जाच दोन्ही त्या न बदलणाऱ्या चालीत आहेत. सहा-सात वर्षांच्या पोरीला आधी क्रम पाठ होई. अर्थ पुढे सासरी उमगे. स्पर्धेत पाच मिनिटांत बसवायला पायऱ्याच गाळतात आणि मागे तयार ट्रॅक वाजतो. उरते ते नऊवारीतले गोड गाणे.

हा गोडवा आठवणींनी चढवलेला आहे. गाणी बोचरी होती, आणि गावातल्या ओसऱ्याही सगळ्या मुलींना सारख्या उघड्या नव्हत्या. तो काळ जसाच्या तसा परत आणण्यात अर्थ नाही. शिवाय भुलाबाईच्या मखराला लागणारे ज्वारीचे धांडे आणायचे कुठून? शेते सोयाबीनने व्यापली आणि मुलींच्या संध्याकाळी शिकवणीने.

ध्वनिमुद्रण हा या आटत्या रीतीवर उपाय वाटतो. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता १९३०च्या दशकात गायक जी. एन. जोशींच्या तबकडीवरून महाराष्ट्रभर पोचलीच की! पण भावगीताला एक गळा पुरतो, भुलाबाईला घोळका लागतो.

ब्राझीलच्या बाहिया प्रांतातही आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचा 'सांबा दे रोदा' असाच घोळक्याचा: एकाने गायचे, रिंगणाने टाळ्यांसह झेलायचे. २००५ मध्ये युनेस्कोने त्याला गौरवले, तेव्हा त्यातले 'माशेते' हे छोटे तंतुवाद्य घडवणारे जवळजवळ संपले होते. म्हणून जतनाच्या आराखड्यात ते वाद्य घडवणे आणि जाणत्यांनी तरुणांना शिकवणे यांवर भर दिला गेला.

आपल्याकडे स्पर्धा भरवणाऱ्यांनी वेळेची अट काढावी, ट्रॅक बंद करावा आणि पहिले बक्षीस महिनाभरात सर्वाधिक धाकट्या मुलींना गाणी शिकवणाऱ्या गटाला द्यावे. याला पैसा फारसा लागत नाही. महिनाभराच्या संध्याकाळी मात्र मोकळ्या ठेवाव्या लागतील.