कोणता नॉब बाहेर ठेवायचा?

कादंबरीची समीक्षा होते, सिनेमाची होते, आता वेबसिरीजचीही होते. स्लायडरची मात्र कुणी करत नाही. फोनवरचं एखादं तानपुरा ॲप उघडा. पट्टी, वेग, आवाज, नशीब असेल तर जवारी, असे चार-पाच स्लायडर दिसतील. ते कुणीतरी निवडलेले असतात, आणि निवडताना बाकीचं बरंच काही आत बंद केलेलं असतं. ही निवड लेखकाच्या निवडीसारखीच असते, म्हणून तिच्याकडे समीक्षकाच्या नजरेनं बघायला हवं.

माझं हे मत प्युअर डेटामध्ये स्वतःचा तानपुरा बांधताना पक्कं झालं. प्युअर डेटा हे मिलर पकेट यांनी १९९६ मध्ये आणलेलं मोफत सॉफ्टवेअर. त्याआधी, १९८०च्या दशकात, पॅरिसच्या इरकाम या संस्थेत त्यांनी मॅक्स लिहिलं होतं. ते नाव मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून आलं. मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये बेल लॅब्जमध्ये संगणकाकडून संगीत वाजवून घेतलं होतं. मॅक्स काय, प्युअर डेटा काय, पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि त्या रेघांनी जोडायच्या, एवढंच मुख्य काम.

एक तार वाजवायला १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेली कार्प्लस-स्ट्राँग पद्धत पुरते. नॉइजचा छोटा झटका एका डिलेमध्ये सोडायचा, बाहेर आला की थोडा मऊ करून पुन्हा आत पाठवायचा. डिले जितका लांब, तितका स्वर खाली. तानपुऱ्याला तारा चार. हीच जोडणी चारदा कॉपी-पेस्ट केली, तर पुढे प्रत्येक दुरुस्ती चारदा करावी लागते. त्यापेक्षा ती ‘तार’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची. मुख्य पानावरच्या रिकाम्या चौकटीत ‘तार’ टाइप केलं की तार हजर! प्युअर डेटात याला ॲबस्ट्रॅक्शन म्हणतात. मूळ फाइल सुधारून सेव्ह केली की चारही तारा सुधारतात.

चौकटीत नावापुढे आकडे लिहिले, की ते आत ‘डॉलर-एक’, ‘डॉलर-दोन’ अशा राखून ठेवलेल्या जागी जाऊन बसतात. हेच आपल्या मॉड्यूलचे पॅरामीटर. ‘डॉलर-शून्य’ त्याहून हुशार. तो प्रत्येक प्रतीला आपोआप वेगळा आकडा देतो, त्यामुळे पंचमाच्या तारेचा डिले आणि खर्जाचा डिले एकमेकांत मिसळत नाहीत.

आता खरा प्रश्न. डॉलर-एक म्हणजे काय ठरवायचं? सोपं उत्तर आहे मिडी नोटचा नंबर, म्हणजे पियानोची एक पट्टी. पण तो पूर्णांक असला, की समान अंतरांच्या बारा स्वरांची पाश्चात्त्य चौकट मॉड्यूलमध्ये गुपचूप येऊन बसते. काळी १ मध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज १३८.५९ हर्ट्झ धरू. तानपुऱ्याची पंचमाची तार त्याच्या बरोबर पाऊणपट हवी, म्हणजे १०३.९४. मिडी नोट देते १०३.८३. फरक किरकोळ वाटतो. पण या तारेचा चौथा आणि षड्जाचा तिसरा हार्मोनिक एकमेकांवर बसायला हवेत, आणि ते बसत नाहीत. साधारण दर दोन सेकंदांनी एक लाट ऐकू येते. गंधाराचं तर आणखी अवघड आहे. तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा पियानोचा गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो.

म्हणून माझ्या तारेला दोन पॅरामीटर आहेत, षड्ज आणि पट. पंचमाला पाऊण, जोडीला एक, खर्जाला अर्धा. मालकंस गायचा तर पाऊणच्या जागी दोन-तृतीयांश लिहायचं, की मध्यम लागतो.

तिसरा पॅरामीटर जवारी. कार्प्लस-स्ट्राँगमधून ती आपोआप येत नाही, वेगळी बांधावी लागते. खऱ्या तानपुऱ्यात घोडीवर प्रत्येक तारेखाली स्वतंत्र दोरा असतो. मिरजेचा कारागीर असो की मैफिलीआधी तानपुरा लावणारी शिष्या, तो दोरा तारेगणिक कानानं सरकवतात. चार तारांना मिळून एकच जवारी-स्लायडर देणाऱ्या ॲपनं त्यांचं हे ऐकणं एका सरासरीत गुंडाळलेलं असतं.

इथेच प्युअर डेटाबद्दल माझी तक्रार आहे. त्याचे पॅरामीटर बिननावाचे असतात. ‘तार १३८.५९ ०.७५ ०.४’ यातला कोणता आकडा कशाचा, हे चौकट सांगत नाही. त्यात एखादा आकडा लिहिलाच नाही, तर आत शून्य पोचतं. माझ्या तारेत जवारी शून्य म्हणजे दोरा पूर्ण काढलेला, हा एक खरा, निवडण्याजोगा नाद आहे. ‘मला शून्य हवंय’ आणि ‘मी काही बोललोच नाही’ यांत फरक करायचा तर वेगळी खटपट करावी लागते. मॅक्समध्ये पॅरामीटरला नाव आणि आधीपासूनची किंमत देण्याची सोय आहे. पण मॅक्स विकत घ्यावं लागतं, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला हा मुद्दा छोटा नाही.

यावर कुणी म्हणेल, मग सगळंच उघडं ठेवा ना! तेही मला पटत नाही. चाळीस स्लायडरचा तानपुरा उदार वाटतो, प्रत्यक्षात बांधणाऱ्यानं निर्णय घ्यायचं टाळलेलं असतं आणि तो भार गाणाऱ्यावर टाकलेला असतो. रियाजाला बसलेल्या माणसाला षड्ज, पहिल्या तारेचा स्वर आणि चार जवाऱ्या पुरतात. प्युअर डेटात तेवढेच स्लायडर चौकटीच्या दर्शनी भागावर आणता येतात. फिल्टर, डिले सगळं आत राहतं.

पण आत राहिलेलं कुलूपबंद नसतं. चौकटीवर राइट-क्लिक करून ‘ओपन’ निवडलं की अख्खी जोडणी समोर उघडते. माझा पाऊणपट पटला नाही तर तो बदलता येतो, जवारीची माझी कल्पना मोडून स्वतःची बांधता येते. फोनवरचं ॲप ही सोय देत नाही. तिथे निदान एवढं करता येईल: पुढच्या वेळी स्लायडर सरकवताना, त्याच्या शेजारी कोणता स्लायडर असायला हवा होता, याची यादी करा.