संगणकावरची त्रिमिती : सुरुवात कोणत्या साधनाने करावी?

विद्यार्थ्यांना संगणकावर त्रिमित आकार घडवायला शिकवायचे ठरले, की बहुधा ‘ब्लेंडर’चे नाव पुढे येते. ते मोफत आहे, २००२ पासून सर्वांना खुले आहे आणि २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट त्यावरच तयार झाला. पण चित्रपटाला जे साजते ते आठवीच्या वर्गाला पहिल्याच दिवशी झेपेल का?

एकच काम तीन साधनांना देऊन पाहू : २० मिमी बाजूचा घन आणि त्यात १० मिमी व्यासाचे आरपार भोक.

‘टिंकरकॅड’मध्ये घन आणि वृत्तचिती ओढून आणायची, वृत्तचितीला ‘भोक’ ठरवायचे आणि दोन्हींचा गट करायचा. पहिल्याच तासाला जमते. मात्र इंटरनेट हवे, आणि मापे न लिहिता नजरेने जुळवूनही काम भागते. भूमितीच्या शिक्षकाला हे परवडणारे नाही.

‘ओपनस्कॅड’मध्ये माप लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घनातून वृत्तचिती वजा करा, असे शब्दांतच सांगावे लागते. आज्ञा इंग्रजीत असतात आणि एक अर्धविराम राहिला तरी काम अडते. पण इथे एक गंमत कळते. आपण काही सांगितले नाही, तर हे भोक गोल नसून १६ बाजूंचे असते! बाजूंची संख्या ६ केली, की वृत्तचितीची षटकोनी चिती होते.

ब्लेंडरचे खरे बळही इथेच आहे. त्यात प्रत्येक शिरोबिंदू धरून हलवता येतो. त्यातला नेहमीचा गोल म्हणजे ४८२ शिरोबिंदू, ९९२ कडा आणि ५१२ पृष्ठे. ऑयलरचे सूत्र लावून पाहा : ४८२ + ५१२ = ९९२ + २. पुस्तकात घन-सूचीपुरते राहिलेले सूत्र इथे शेकडो पृष्ठांवर पडताळता येते. पण बटणांच्या गर्दीत पहिल्याच दिवशी मूल हरवते, हेही खरे.

म्हणून सुरुवात टिंकरकॅडने करावी, पण तिथेच थांबू नये. मापाची शिस्त ओपनस्कॅडने लावावी, ब्लेंडर त्यानंतर. चित्र किती देखणे झाले यापेक्षा संगणकातला गोल खरोखर गोल का नसतो, हे विद्यार्थ्याला सांगता आले का, ते पाहावे.